द्वितीय भाषा-अध्ययनाच्या उपपत्ती आणि मराठवाड्यातील इंग्रजीचा वर्ग

इंग्रजीच्या अध्यापकाला भाषा-अध्ययनाच्या उपपत्तींचा परिचय असला पाहिजे, ह्याविषयी आता दुमत उरलेले नाही. इंग्रजी घेऊन एम.ए. होणाऱ्या किंवा अध्यापन-पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याला लाडो, कॉर्डर, सेलिंकर, क्रॅशन ही नावे माहीत असतात; त्यांच्या संज्ञांच्या व्याख्याही त्याला देता येतात. परंतु हा परिचय बहुधा टिपांच्या स्वरूपाचा असतो. एखादी उपपत्ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे आली, कोणत्या विद्यार्थ्याकडे पाहून ती रचली गेली आणि तिने काय गृहीत धरले, ह्यांचा विचार क्वचितच होतो. परिणाम असा की, हाच विद्यार्थी पुढे नांदेड वा लातूर जिल्ह्यातील एखाद्या शाळेत अध्यापक म्हणून उभा राहतो, तेव्हा उपपत्ती वहीत राहते आणि तो आपल्या गुरुजींनी जसे शिकविले तसे शिकवू लागतो.

प्रस्तुत लेखात ह्या क्षेत्रातील तीन प्रमुख विचारांचे परीक्षण करावयाचे आहे : व्यतिरेकी विश्लेषण व त्यातून निघालेली प्रमादमीमांसा, क्रॅशन ह्यांची भाषासंपादनाची उपपत्ती, आणि प्रा. एन. एस. प्रभू ह्यांचा कृतिनिष्ठ अध्यापनाचा प्रयोग. हे परीक्षण मराठवाड्याच्या भाषिक अनुभवाच्या आधारे करण्याचा हेतू आहे. आमचे प्रतिपाद्य थोडक्यात असे आहे. परभाषा रुजण्यासाठी दोन गोष्टी लागतात : समजेल अशा भाषेचा पुरेसा पुरवठा आणि त्या भाषेला करण्याजोगे खरे काम. पाश्चात्त्य उपपत्तींनी पहिल्या गोष्टीचे विवेचन केले आणि दुसरी बव्हंशी गृहीत धरली. आपल्या वर्गात दोन्ही गृहीत धरता येत नाहीत. म्हणून येथील अध्यापकाने उपपत्तीला पहिला प्रश्न विचारावा तो तिच्या गृहीतांविषयी. तिने सुचविलेल्या पद्धतीचा विचार त्यानंतर करावा.

(१)

प्रथम ‘द्वितीय भाषा’ ही संज्ञाच पाहू. मुलाची एक भाषा असते आणि शाळेत ते दुसरी शिकते, अशी कल्पना ह्या संज्ञेत अध्याहृत आहे. आपल्या दोन जिल्ह्यांत ती पहिल्याच पायरीवर अडखळते. देगलूर, बिलोली, धर्माबाद ह्या भागांत तेलुगू घरात किंवा शेजारी आहे. देगलूरकडून उदगीर, देवणी, निलंग्याकडे जावे तसतशी कन्नड कानी पडू लागते. किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात गोंडी व कोलामी आहेत. तांड्यांवर गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलली जाते. नांदेड, उदगीर, औसा अशा गावांतील मोहल्ल्यांत दखनी उर्दू आहे. आणि बाजारात हिंदी सर्वांचीच आहे. तांड्यावरून येणाऱ्या मुलाची द्वितीय भाषा म्हणजे पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी. हिंदी त्याची तिसरी आणि इंग्रजी चौथी.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ह्या मुलाने हिंदी कोणाजवळ शिकलेली नसते, आणि तरीही आठवड्याच्या बाजारात ते हिंदीत घासाघीस करू शकते. धर्माबादचे मराठी मूल खेळता खेळता तेलुगू उचलते. व्याकरण, पाठांतर व परीक्षा ह्यांपैकी काहीही नसताना दोन-तीन भाषा आत्मसात करण्याची शक्ती ह्या मुलांनी शाळेत येण्यापूर्वीच सिद्ध केलेली असते. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन ह्यांनी १९७१ साली सांगली जिल्ह्यातील कुपवाड ह्या गावाचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मराठी, कन्नड व उर्दू ह्या भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदून त्यांची वाक्यरचना किती जवळ आली आहे, हे दाखविले आहे. घरातली भाषा प्रत्येक समाजाने राखली, पण व्यवहारात भाषांतर जवळजवळ शब्दाला शब्द ठेवून करता यावे इतकी व्याकरणे एकमेकांत मिसळली. आपल्या सीमावर्ती तालुक्यांचाही असा अभ्यास होणे अगत्याचे आहे. तूर्त मुद्दा एवढाच की, शाळेच्या दप्तरी ज्याची नोंद ‘भाषा कच्ची’ अशी होते, ते मूल भाषा शिकण्याच्या बाबतीत वस्तुतः अनुभवी असते. मग इंग्रजीच्याच दारात ही शक्ती का थबकते, हा खरा प्रश्न होय. आणि उपपत्तीची कसोटी ह्याच प्रश्नावर लागली पाहिजे.

(२)

ह्या प्रश्नाला दिले गेलेले पहिले उत्तर मातृभाषेच्या व्यत्ययाचे होते. रॉबर्ट लाडो ह्यांचा ‘लिंग्विस्टिक्स अॅक्रॉस कल्चर्स’ हा ग्रंथ १९५७ साली निघाला. दोन भाषांची रचना शेजारी ठेवून पाहिली असता जेथे भेद असेल तेथे विद्यार्थी अडेल आणि जेथे साम्य असेल तेथे तो सहज पुढे जाईल, असे त्यातील मुख्य सूत्र आहे. भाषा ही सवयींची व्यवस्था आहे आणि नवी सवय लावताना जुनी आड येते, हा त्यामागील वर्तनवादी विचार. त्याच वर्षी डॉ. अशोक केळकर ह्यांचा मराठी भाषकांच्या इंग्रजी उच्चारणावरील लेख ‘वर्ड’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मराठी ध्वनिव्यवस्थेच्या चौकटीत इंग्रजी ध्वनी कसे बसविले जातात, ह्याचे ते शास्त्रीय वर्णन होते. पुढील वर्षी, १९५८ साली, औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ आणि हैदराबादेस सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश ह्या दोन संस्था स्थापन झाल्या. ह्या काळात देशभर वाक्यरचना-पद्धतीचा प्रसार झाला : मोजके शब्द, क्रमाने लावलेल्या रचना आणि तोंडी सराव.

उच्चाराच्या क्षेत्रात व्यत्ययाची उपपत्ती आजही बरीच उपयोगी आहे. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ इकाराने सहसा अर्थभेद होत नाही, म्हणून जहाजवाचक ‘शिप’ आणि मेंढीवाचक ‘शीप’ आपल्या विद्यार्थ्याच्या तोंडी एक होतात. इंग्रजीतील ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ ह्या दोहोंसाठी त्याच्याजवळ एकच ‘व’ असतो. वाक्यरचनेतही काही प्रमाद असेच उलगडतात. ‘त्याने मला सांगितले’ ह्यातील ‘ला’ प्रत्यय इंग्रजीत नेला की ‘ही टोल्ड टु मी’ असे वाक्य होते. मराठीत उपपद नाही, म्हणून ‘बुक इज ऑन टेबल’ असे म्हटले जाते.

परंतु आपल्या वर्गांत सर्वांत अधिक आढळणारा जो प्रमाद, त्यालाच ही उपपत्ती लागू पडत नाही. ‘ही गोज’ ऐवजी ‘ही गो’ हा तो प्रमाद. पाचवीपासून तो दुरुस्त केला जातो आणि पदवीच्या उत्तरपत्रिकेत तो पुन्हा भेटतो. हा मराठीचा व्यत्यय म्हणावा, तर मराठी क्रियापद पुरुष, लिंग आणि वचन ह्या तिन्हींप्रमाणे बदलते : मी जातो, तू जातोस, ती जाते, ते जातात. ज्याच्या मातृभाषेत क्रियापदाला एवढी रूपे आहेत, त्याला इंग्रजीतील एक ‘स’कार जड का जावा? लाडोंच्या सूत्राने ह्याचे उत्तर मिळत नाही.

उत्तर मिळाले ते पुढच्या पिढीच्या संशोधनातून. एस. पिट कॉर्डर ह्यांनी १९६७ साली असा विचार मांडला की, विद्यार्थ्याचा प्रमाद म्हणजे त्याने मनात बांधलेल्या नियमाचा पुरावा होय. लॅरी सेलिंकर ह्यांनी १९७२ साली ह्या नियमसमूहाला स्वतंत्र नाव दिले. त्याला आपण ‘आंतरभाषा’ म्हणू. ती मातृभाषा नव्हे आणि लक्ष्यभाषाही नव्हे. तिची स्वतःची व्यवस्था असते. रॉजर ब्राऊन ह्यांनी १९७३ साली दाखविले की, इंग्रजी मातृभाषा असलेली मुलेही हा क्रियापदाचा ‘स’कार बऱ्याच उशिरा आत्मसात करतात. हेडी ड्युले आणि मरीना बर्ट ह्यांना १९७४ साली स्पॅनिश व चिनी ह्या अगदी भिन्न भाषा बोलणाऱ्या मुलांत इंग्रजी रूपांच्या संपादनाचा क्रम बराचसा सारखा आढळला. मानफ्रेड पीनेमान ह्यांनी १९८४ साली पुढचे पाऊल टाकले : विद्यार्थी ज्या टप्प्याला पोहोचला नाही, त्या टप्प्याचे रूप कितीही शिकविले तरी ते त्याच्या सहज बोलण्यात उतरत नाही.

ह्या संशोधनाचा आपल्या अध्यापकाच्या दृष्टीने अर्थ स्पष्ट आहे. ‘ही गो’ म्हणणारा विद्यार्थी मंद नाही, निष्काळजी नाही आणि मराठीने त्याचे नुकसान केलेले नाही. तो एका वाटेवरच्या एका टप्प्यावर आहे. जो अध्यापक त्याच्या वहीवर लाल शाईने दहा वर्तुळे काढतो, त्याने उशिरा येणाऱ्या रूपाला लवकर न येण्याबद्दल दंड केलेला असतो. आपल्या परीक्षापद्धतीत रिकाम्या जागा भरावयाच्या प्रश्नांना जे वजन आहे, ते पाहता हा दंड केवळ वहीपुरता राहत नाही. इंग्रजीत अनुत्तीर्ण झाल्याने ज्यांचे शिक्षण दहावीला थांबते, त्यांत घरातून प्रथमच शाळेची पायरी चढलेली मुले असतात. प्रमादमीमांसा हा म्हणून आपल्याकडे न्यायाचाही विषय आहे.

तथापि आंतरभाषेच्या उपपत्तीची एक मर्यादा सांगितली पाहिजे. तिने विद्यार्थी कोणत्या वाटेने जातो हे सांगितले; आमचा विद्यार्थी त्या वाटेवर वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी का उभा राहतो, हे सांगितले नाही. सेलिंकर ह्यांनी ह्या थांबण्याला अश्मीभवन असे नाव दिले. नाव दिल्याने कारण मिळत नाही.

(३)

कारण देण्याचा सर्वांत महत्त्वाकांक्षी प्रयत्न स्टीफन क्रॅशन ह्यांचा. त्यांच्या १९८२ आणि १९८५ च्या ग्रंथांत ही उपपत्ती विस्ताराने आली आहे. संपादन आणि अध्ययन ह्या दोन भिन्न प्रक्रिया आहेत, असे ते म्हणतात. संपादन नकळत, अर्थाकडे लक्ष असताना घडते. अध्ययन म्हणजे नियमांचे जाणीवपूर्वक ज्ञान. बोलण्याचे सामर्थ्य संपादनातून येते. अध्ययनाचा उपयोग फक्त आपले वाक्य तपासण्यापुरता. आणि संपादन एकाच मार्गाने होते : विद्यार्थ्याच्या सध्याच्या पातळीच्या किंचित पुढची, परंतु समजणारी भाषा त्याला भरपूर मिळाली पाहिजे. मन भयग्रस्त असेल तर ही भाषा आत झिरपत नाही. ह्याला त्यांनी भावनिक गाळणी म्हटले.

ह्या विचाराचे आकर्षण सहज समजते. बाजारातली हिंदी आणि शाळेतली इंग्रजी ह्यांतील भेदाला तो तत्काळ नाव देतो : पहिली संपादित, दुसरी अधीत. परंतु उपपत्ती म्हणून त्याच्यावर घेतलेले आक्षेपही सबळ आहेत. ‘सध्याची पातळी’ आणि ‘किंचित पुढची’ ह्यांचे मोजमाप दिलेले नसल्याने हे विधान खोटे ठरविण्याची सोयच राहत नाही. विद्यार्थ्याला भाषा आली तर पुरवठा योग्य होता आणि आली नाही तर अयोग्य होता, असे केव्हाही म्हणता येते. शिवाय संपादन आणि अध्ययन ह्यांच्यामध्ये त्यांनी जी अभेद्य भिंत उभी केली, तिला पुरेसा पुरावा नाही. मेरिल स्वेन ह्यांनी १९८५ साली कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या वर्गांवरून दाखविले की, वर्षानुवर्षे समजणाऱ्या फ्रेंचचा पुरवठा होऊनही इंग्रजीभाषक मुलांचे बोलणे व लिहिणे अनेक बाबतींत अपुरे राहिले. ऐकून समजणाऱ्याला शब्दांच्या अर्थावर निभावून नेता येते; बोलणाऱ्याला मात्र वाक्य रचावेच लागते. म्हणून भाषा वापरण्याची निकड ही स्वतंत्र अट आहे.

आमचा आक्षेप ह्याहून वेगळ्या जागी आहे. क्रॅशन ह्यांची उपपत्ती अमेरिकेत, म्हणजे वर्गाच्या दाराबाहेर इंग्रजी वाहते आहे अशा ठिकाणी वाढली. जेथे बाहेर ती भाषा नाही, तेथे वर्गाचे महत्त्व वाढते हे त्यांनी स्वतः मान्य केले आहे. पण किती वाढते ह्याचा हिशेब आपणच केला पाहिजे. इंग्रजीची तासिका पस्तीस मिनिटांची आणि वर्षाचे कामकाजाचे दिवस दोनशे धरले, तर वर्षाला सुमारे ११७ तास होतात. मुलाच्या कानावर घरची भाषा दिवसाला आठ तास पडते असे धरले, तर इंग्रजीचे संपूर्ण वर्ष म्हणजे घरच्या भाषेचे पंधरा दिवस. पहिली ते दहावी मिळून पाच महिनेही भरत नाहीत. त्यातही तासिकेचा मोठा भाग धड्याचा मराठी अर्थ सांगण्यात आणि प्रश्नोत्तरे उतरवून देण्यात गेला, तर उरते ते काही आठवडे. एवढ्या पुरवठ्यावर कोणतेही मूल कोणतीही भाषा संपादन करणार नाही. मग त्याचा दोष बुद्धीला, मराठीला वा गावाला देण्याचे कारण उरत नाही.

ह्याच हिशेबाने २००० सालच्या निर्णयाचेही मूल्यमापन करता येईल. त्या वर्षी महाराष्ट्र शासनाने मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केली. जितके लवकर तितके बरे, ही त्यामागची लोकभावना. ही भावना केवळ लोकांची नव्हे; एरिक लेनेबर्ग ह्यांच्या १९६७ च्या ग्रंथातील संपादनाच्या निर्णायक वयोमर्यादेच्या कल्पनेचा तिला आधार वाटतो. परंतु कॅथरीन स्नो आणि मारियान हूफनागेल-हले ह्यांना १९७८ साली हॉलंडमध्ये असे दिसले की, डच शिकताना आरंभीच्या काळात लहान मुलांपेक्षा बारा ते पंधरा वर्षांची मुले अधिक वेगाने पुढे जातात. बार्सिलोना येथे कार्मेन मुन्योझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या व २००६ साली ग्रंथरूपाने आलेल्या अभ्यासात, वर्गातले तास सारखे असता उशिरा आरंभ करणारे मागे पडत नाहीत, उलट सरस ठरतात, असा निष्कर्ष आहे. लहान वयाचा लाभ मिळतो तो भाषेच्या अखंड सहवासात. दिवसाच्या पस्तीस मिनिटांत नव्हे. तेव्हा पहिलीपासून इंग्रजी आणल्याने तास वाढले हे खरे. परंतु ते तास इंग्रजीत होतील अशी तजवीज केल्यावाचून वर्षे वाढविण्याने फारसे साधत नाही.

(४)

पुरवठ्याइतकीच दुसरी गोष्ट म्हणजे भाषेचे काम. तिचा विचार करण्यासाठी मराठवाड्याजवळ एक ऐतिहासिक उदाहरण आहे आणि उपपत्तीच्या ग्रंथांत त्याची दखल नाही. निजामाच्या राजवटीत माध्यमिक व उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून शिकवी आणि इंग्रजी हा तेथे अनिवार्य विषय असे. राज्यातील बहुसंख्य प्रजेची मातृभाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ही राजवट संपेपर्यंत नांदेडच्या आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील लातूरच्या मराठी मुलाने वरच्या वर्गांत गणित, इतिहास व विज्ञान परभाषेतून शिकावे, अशी व्यवस्था होती.

कॅनडात माँट्रियलजवळ सेंट लँबर्ट येथे १९६५ साली इंग्रजीभाषक मुलांना फ्रेंच माध्यमातून शिकविण्याचा प्रयोग सुरू झाला आणि तो जगभर गाजला. वॉलेस लँबर्ट ह्यांनी पुढे त्यावरून एक मार्मिक भेद केला. जेथे घरच्या भाषेला प्रतिष्ठा आहे तेथे दुसरी भाषा तिच्यात भर घालते. जेथे ती नाही तेथे दुसरी भाषा पहिलीची जागा घेते. पहिल्याला त्यांनी वर्धक आणि दुसऱ्याला क्षयकारक द्वैभाषिकत्व म्हटले. मराठवाड्यातील उर्दू माध्यम ह्या भेदाच्या दोन्ही बाजू दाखविते. एकीकडे, जे शिकले त्यांची उर्दू पक्की झाली; त्या पिढीतील अनेकांना उर्दू वाचनाची गोडी अखेरपर्यंत होती, आणि तहसील, पेशकार, गिरदावर, खासरा हे शब्द आजही येथील बोलण्यात आहेत. दुसरीकडे, शिक्षणाच्या माध्यमातून घरची भाषा वगळली गेल्याने शाळा थोड्यांचीच राहिली. स्वामी रामानंद तीर्थ ज्या राष्ट्रीय शाळांतून अध्यापन करीत होते, त्या शाळांचा मराठीविषयीचा आग्रह ह्या उणिवेलाच उत्तर होता.

ह्यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, उर्दू येथे रुजली ती तिच्या अध्यापन-पद्धतीमुळे नव्हे. ती कचेरीत होती, न्यायालयात होती, शेजारी होती. तिच्यावाचून अडत होते. इंग्रजीला आपल्या खेड्यात असे कोणते काम आहे? दुकानाच्या पाटीवर, औषधाच्या वेष्टनावर आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर ती दिसते. परंतु तिच्यात वाक्य बोलावे अशी वेळ परीक्षेच्या खोलीबाहेर क्वचित येते. दुसरा निष्कर्ष असा की, घरच्या भाषेला बाजूला सारून परभाषा आणली तर काहींना ती येते, पण पुष्कळांचे शिक्षणच जाते. इंग्रजी माध्यमाकडे आज जी ओढ आहे, तिचा विचार करणाऱ्याने हा आपल्याच भूमीतील अनुभव नजरेआड करू नये.

(५)

वर्गाबाहेर काम नसेल तर वर्गातच भाषेला काम देता येईल काय? हा प्रश्न भारतीय वर्गात उभे राहून विचारणारे अभ्यासक म्हणजे प्रा. एन. एस. प्रभू. १९७९ ते १९८४ ह्या काळात बंगळूर, मद्रास इत्यादी ठिकाणच्या सामान्य शाळांत त्यांनी केलेला प्रयोग बंगलोर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. त्याचे विवेचन ‘सेकंड लँग्वेज पेडॅगॉजी’ ह्या त्यांच्या १९८७ च्या ग्रंथात आहे. विद्यार्थ्याचे लक्ष अर्थावर गुंतलेले असताना व्याकरण आत्मसात होते, हे त्यांचे गृहीत. म्हणून त्यांनी व्याकरणाचा क्रम सोडला आणि कृतींचा क्रम लावला : आगगाडीचे वेळापत्रक वाचून प्रवास ठरविणे, नकाशावरून वाट काढणे, दिलेल्या माहितीवरून अनुमान करणे. प्रथम अध्यापक संपूर्ण वर्गासमोर तशीच एक कृती प्रश्नोत्तरांनी सोडवितो. मग दुसरी विद्यार्थी स्वतः सोडवितात.

ह्या प्रयोगाचे वैशिष्ट्य असे की, तो आपल्या वर्गाच्या वास्तवाला धरून होता. प्रभूंनी गटचर्चेवर भर दिला नाही; एकमेकांचे अपुरे इंग्रजी ऐकून विद्यार्थी तेथेच स्थिरावतील अशी त्यांना शंका होती. साठ मुलांचा वर्ग, एक फळा आणि एक अध्यापक एवढ्यावर चालणारी ही रचना आहे. १९८५ साली अॅलन बेरेटा आणि अॅलन डेव्हिस ह्यांनी तिचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. व्याकरणरचनेच्या चाचणीत रूढ पद्धतीचे वर्ग पुढे होते, कृतींच्या चाचणीत प्रकल्पातले वर्ग पुढे होते. जे शिकविले त्याची परीक्षा प्रत्येकाला साधली.

प्रभूंच्या रचनेवर दोन आक्षेप संभवतात. विद्यार्थी बहुतेक वेळ ऐकतो व एक-दोन शब्दांत उत्तर देतो, म्हणून स्वेन ह्यांनी सांगितलेली भाषानिर्मितीची निकड तिच्यात कमी पडते. दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे : येथे वर्गातला भाषेचा सगळा पुरवठा अध्यापकाच्या तोंडून होतो, तेव्हा अध्यापकाला तासभर साध्या, चुकीच्या भीतीवाचून केलेल्या इंग्रजीत बोलता आले पाहिजे. अध्यापक-प्रशिक्षणात आपण त्याला उपपत्ती शिकवितो. त्याच्या स्वतःच्या इंग्रजीची काळजी घेत नाही. आमच्या मते हा ह्या सर्व विवेचनातील सर्वांत तातडीचा मुद्दा आहे.

कृती मात्र आपल्या भूमीतच पुष्कळ आहेत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली आगगाडी आली. दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते आणि अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. माणशी दिवसाला वीस लिटर धरले तर एका फेरीचे पाणी किती लोकांना पुरेल? दहा लिटरच दिले तर? पाणी प्रथम कोणाला द्यावे आणि का? हे प्रश्न इंग्रजीत विचारले तर नववीचा विद्यार्थी व्याकरण विसरून पंचवीस हजारांचा आकडा काढील आणि शेवटच्या प्रश्नावर त्याला एक संपूर्ण वाक्य बोलावेसे वाटेल. लातूरच्या आडत बाजारातील तूर-सोयाबीनचा भावफलक किंवा नांदेड स्थानकाचे वेळापत्रक ह्यांवरूनही अशा कृती रचता येतील. त्यांना पैसा लागत नाही. लागते ती पूर्वतयारी.

(६)

येथे लातूरच्या परीक्षापद्धतीचा उल्लेख अपरिहार्य आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ‘लातूर पॅटर्न’ म्हणून जी पद्धत नावारूपाला आली, तिचा पाया म्हणजे नियमित सराव आणि वारंवार चाचण्या. इंग्रजीच्या संदर्भात तिच्यावर टीका करणे सोपे आहे : असा सराव क्रॅशन ह्यांच्या अर्थाने अध्ययन घडवितो, संपादन नव्हे. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मराठी माध्यमातून दहावी झालेला विद्यार्थी अकरावीला विज्ञानशाखेत येतो आणि भौतिकी व जीवशास्त्र इंग्रजीतून वाचू लागतो. हे वाचन त्याला प्रथम जड जाते. परंतु येथे प्रथमच इंग्रजीला त्याच्या जीवनात काम मिळालेले असते. पेशीची रचना समजून घ्यावयाची म्हणून तो वाक्य पुन्हा पुन्हा वाचतो. इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत उपपदे चुकविणारा विद्यार्थी जीवशास्त्राचा इंग्रजी परिच्छेद समजू शकतो, ही विसंगती नसून वरील प्रतिपादनाचा पुरावा आहे. दोन वर्षे दररोज चालणाऱ्या ह्या वाचनाकडे इंग्रजीच्या अध्यापकाने आपला विषय म्हणून पाहिलेले नाही. विज्ञानातील एक परिच्छेद इंग्रजीच्या तासाला आणावा, त्याचा सारांश विद्यार्थ्याला स्वतःच्या वाक्यांत लिहावयास सांगावा, तर पुरवठा, काम आणि निर्मिती ही तिन्ही एकत्र येतात.

मातृभाषेच्या वापराचा प्रश्नही ह्याच दृष्टीने सुटतो. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. नव्या उपपत्तींनी भाषांतर त्याज्य ठरविले, आणि अध्यापक ते चोरून करीत राहिला. वस्तुतः जिम कमिन्स ह्यांनी १९७९ साली मांडलेल्या परस्परावलंबनाच्या विचारानुसार एका भाषेत मिळविलेली वाचनाची व विचाराची पक्वता दुसऱ्या भाषेला उपयोगी पडते. प्रा. रमाकांत अग्निहोत्री ह्यांनी वर्गातील बहुभाषिकता हे अध्यापनाचे साधन आहे, असे आग्रहाने प्रतिपादिले आहे. धड्याचा अर्थ मराठीत सांगून तास संपविणे आणि एकच वाक्य मराठी, गोरमाटी, दखनी व इंग्रजी ह्या चारांत फळ्यावर मांडून क्रियापद कोठे येते हे मुलांकडून शोधून घेणे, ह्या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. पहिलीने इंग्रजीचा तास मराठीचा होतो. दुसरीने मुलाला कळते की, त्याच्या तांड्यावरच्या बोलीलाही व्याकरण आहे. आणि ज्याच्या भाषेला वर्गात जागा मिळाली, त्याची भावनिक गाळणी सैल होते.

(७)

ह्या परीक्षणाचा निष्कर्ष कोणत्याही एका उपपत्तीच्या बाजूने दिलेला कौल नाही. लाडोंनी उच्चाराच्या अडचणी दाखविल्या. कॉर्डर व सेलिंकर ह्यांनी प्रमादाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. क्रॅशन ह्यांनी पुरवठ्याचे महत्त्व सांगितले आणि स्वेन ह्यांनी त्याची अपुरी बाजू. प्रभूंनी आपल्यासारख्याच वर्गात भाषेला काम देऊन दाखविले. १९९० साली एका लेखात प्रभूंनी असे प्रतिपादन केले की, सर्वोत्तम पद्धत अशी काही नसते; आपण जे करतो त्याने विद्यार्थी का शिकतो, ह्याविषयी अध्यापकाच्या मनात जी जिवंत समजूत असते, ती महत्त्वाची. उपपत्तीचा अभ्यास ही समजूत घडविण्यासाठी करावयाचा असतो.

ही समजूत टिपांतून घडत नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या नांदेड येथील परिसरात, लातूरच्या उपकेंद्रात आणि ह्या प्रदेशातील महाविद्यालयांत इंग्रजीचा अभ्यास करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आमची सूचना अशी आहे की, त्यांनी प्रत्येक उपपत्तीबरोबर एक स्थानिक काम हाती घ्यावे. पन्नास उत्तरपत्रिकांतील क्रियापदांचे प्रमाद गोळा करून त्यांतील किती मराठीने उलगडतात आणि किती उलगडत नाहीत, हे पाहावे. एका तासिकेत किती मिनिटे इंग्रजी बोलली गेली आणि विद्यार्थ्यांनी किती संपूर्ण वाक्ये उच्चारली, हे घड्याळ लावून मोजावे. धर्माबादेच्या किंवा उदगीरच्या एखाद्या वर्गातील मुलांना किती भाषा येतात आणि त्या कोठे आल्या, ह्याची नोंद करावी. ही कामे लहान आहेत आणि त्यांना महागडी साधने लागत नाहीत. परंतु त्यांच्या आधारे येथील अध्यापक उपपत्तीला उत्तर देऊ शकेल, आणि पुढच्या इंग्रजीच्या तासाला ‘भाषा कच्ची’ हा शेरा लिहिण्यापूर्वी त्याला आपल्याच वहीतील आकडे पाहावे लागतील.